शमुवेलाला एली होता, या ॲपला नाही: ‘प्रे ॲज यू गो’चं परीक्षण

‘प्रभूची वाणी ऐकायला शिका’ असं सांगणाऱ्या ॲपांना आता तोटा नाही. अडचण एवढीच की त्यातली बरीचशी स्वतःच इतकी बडबडतात की प्रभूला मध्ये शब्द टाकायला फट मिळू नये. ‘प्रे ॲज यू गो’ या घोळक्यात उठून दिसतं ते कमी बोलण्यामुळे.

बायबलच्या जुन्या करारातली शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. शिलोच्या मंदिरात रात्री हाक आली आणि पोरगा उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे धावला. एकदा नाही, तीनदा. हाक कानावर पडत होती, कोणाची ते कळत नव्हतं. ते कळायला डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा एली लागला. जा, नीज, आणि पुन्हा हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ देवाची वाणी ऐकायला शिकवू म्हणणाऱ्या कुठल्याही वस्तूला हीच मोजपट्टी लावावी. ती माणसाला हाकेच्या टप्प्यात शांत बसवते का? आणि हाक कोणाची हे ओळखायला मदत करते का? पहिल्या कामात हे ॲप चांगलं आहे. दुसऱ्यात ते फारसं काही करत नाही, आणि तसा आवही आणत नाही.

ब्रिटनमधल्या जेझुइटांनी (हा एक कॅथलिक धर्मसंघ) २००६ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, हे सुरू केलं. कामावर जाता-येता, वाटेत ऐकायची प्रार्थना अशी मूळ कल्पना. नावातच ती आहे. आता फोनवर ॲप आहे, वेबसाइटही आहे, आणि दोन्ही फुकट. सोमवार ते शुक्रवार रोज एक सत्र, शनिवार-रविवार मिळून एक. लांबी दहा ते तेरा मिनिटं. सुरुवातीला घंटा, मग तारीख, मग गाणं: कधी एकच ओळ घोळवत राहणारं, फ्रान्समधल्या तेझे मठाचं भजन, कधी जुनं लॅटिन गायन, कधी आजकालचं काही. त्यानंतर शास्त्रपाठ, बहुतेक दिवशी कॅथलिक मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, त्या दिवसाच्या वाचनांपैकी. मग दोन-तीन प्रश्न, मध्ये थोडी शांतता किंवा वाद्यं. मग तोच पाठ पुन्हा एकदा. शेवटी, मनात जे आलं ते प्रभूशी आपल्या शब्दांत बोला असं आमंत्रण आणि पित्या-पुत्र-पवित्र आत्म्याचा गौरव. प्रवचन नाही, बायबलचा अभ्यास नाही, वचनावर कोणाची मल्लिनाथी नाही.

यात खरा ऐवज म्हणजे ते दुसरं वाचन. बरेच जण इथेच ॲप बंद करतात, ‘झालं की ऐकून’ म्हणून. ते का चुकतं, हे एका पाठावरच पाहू.

समजा मार्क १०, ४६ ते ५२ आहे. यरीहोबाहेर रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय. पहिल्यांदा ऐकताना गोष्ट कळते, आणि ती आधीच माहीत असल्यामुळे मन थेट शेवटाकडे पळतं: दृष्टी आली, देवाची स्तुती असो. आता मध्ये प्रश्न येतो, या गर्दीत तू कुठे उभा आहेस? एवढं एकच मनात धरून पाठ पुन्हा ऐकला की भलतीच ओळ वर येते. कोणाला त्याला ‘गप्प राहा’ म्हणून दटावणारी माणसं दिसतात, आणि घरात आठवडाभर आपण कोणाला गप्प बसवतोय तेही दिसतं. कोणाला ते टाकून दिलेलं वस्त्र दिसतं. भिकाऱ्याकडे दुसरं असतं काय? तेच अंथरूण, तेच पांघरूण. आणि दृष्टी यायच्या आधीच तो ते टाकून उठला. कोणी येशूच्या प्रश्नाशीच अडखळतो: मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्या माणसाला हे विचारायचं? मग हळूच प्रश्न आपल्याकडे वळतो आणि लक्षात येतं की आपल्याला उत्तर देता येत नाहीये.

जिथे अडखळलात तिथेच थांबायचं. जेझुइटांचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याच्या परंपरेत, आणि हे ॲप त्याच परंपरेतलं आहे, ऐकणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. कानात वाक्य उमटत नाही. पाठातला एखादा शब्द कुसळासारखा टोचत राहतो, किंवा उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटतं. दोन्ही तितकंच महत्त्वाचं. खूप काही जाणण्याने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेण्याने होतो, असं इग्नाशियसने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे. ज्या जागी मन हललं तिथे दुसऱ्या प्रार्थनेत परत जायचं, ही त्याची ठरलेली पद्धत. ॲपमधलं दुसरं वाचन म्हणजे तिचीच छोटी आवृत्ती.

आणि नेमक्या इथेच ॲपचा मोठा दोष आहे. शांतता ठेवली आहे, पण चिमूटभर. मन जेमतेम टेकतंय तोवर निवेदक पुढचा प्रश्न घेऊन हजर. तेरा मिनिटांत संगीत, दोनदा पाठ आणि प्रश्न बसवायचे तर दुसरं काय होणार? उपाय ॲपमध्येच आहे, विरामाचं बटण. तीनदा वापरा. पहिल्या वाचनानंतर एक मिनिट. मग प्रश्न येतात तेव्हा त्यातला एकच उचला, बाकीचे सोडून द्या, आणि पाच मिनिटं थांबा. दुसऱ्या वाचनानंतर पुन्हा पाच मिनिटं. तेरा मिनिटांचं सत्र पंचवीसच्या आसपास जातं आणि अनुभव पार बदलतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला गेलं की प्रार्थनेचा घटक-चाचणीचा पेपर होतो. चांगली शिकलेली, हुशार माणसं यातच सर्वात जास्त फसतात.

सुरू करण्याआधीचा एक छोटा भाग ॲप आपल्यावर सोडतं, तो गाळू नये. बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि देव आपल्याकडे पाहतोय एवढंच ध्यानात घ्यायचं. हेही इग्नाशियसचंच. अर्ध्या मिनिटाचं काम, पण हे केलं नाही तर पहिलं गाणं नुसतं संगीत राहतं. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकून पालथा ठेवायचा. श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष द्यायचे तयारीचे छोटे सरावही ॲपमध्ये आहेत; ज्यांचं डोकं ऑफिसातून घरी यायला तासभर लागतो त्यांनी ते आधी लावावेत.

भाषेचं काय? सत्रं इंग्रजीत आहेत, संथ आणि स्पष्ट उच्चारांची. कॉलेजपुरतं इंग्रजी असलेल्याला समजायला त्रास नाही. त्रास उत्तर देताना होतो. ज्या भाषेत आपण चिडतो, रडतो, आईशी भांडतो, त्याच भाषेत देवाशी खरं बोलणं होतं. शिवाय मराठीत आपण देवाला ‘तू’ म्हणतो. त्या ‘तू’मधली सलगी इंग्रजी सर्वनामात सापडत नाही. म्हणून एक साधी युक्ती: पाठाचा संदर्भ कळला की तो आधी मराठी बायबलमधून एकदा मोठ्याने वाचून घ्या, दोन मिनिटांत होतो. छापील प्रत जवळ नसेल तर यूव्हर्जन या बायबल ॲपवर बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर आहे. मग ॲप लावा, आणि शेवटचा संवाद मराठीत, तोंडातल्या तोंडात का होईना, पण शब्दांत करा. इंग्रजी गाण्यात मन लागत नसेल त्यांनी ते सरळ पुढे सरकवून रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन गुणगुणावं. काही बिघडत नाही. ॲप ही चौकट आहे, चित्र आपलं.

यूव्हर्जनचं नाव निघालंच आहे तर एक तक्रार. तिथे सलग किती दिवस आलात याचा आकडा दिसतो. वाचनाची सवय लावायला ठीक. ऐकण्याच्या साधनेत मात्र असा आकडा हजेरीपट होतो, आणि एक दिवस चुकला की माणूस प्रभूपेक्षा आकड्यालाच जास्त चुकचुकतो.

प्रॉटेस्टंट मंडळींतून नेहमी विचारलं जातं की हे कॅथलिक आहे, आपल्याला चालेल का. रोजच्या सत्रात पाठ, प्रश्न आणि संगीत. रोज बायबल आणि प्रार्थनेची ‘शांत वेळ’ पाळणाऱ्याला यात परकं वाटण्यासारखं फार काही नाही. अधूनमधून संतांचे सण येतात. आणि एखाद्या दिवशी सिराख किंवा टोबीतमधलं वाचन आलं तर ते आपल्या बायबलात सापडणार नाही, तेवढं लक्षात ठेवावं. त्या दिवशी स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र घ्या.

तुलनेला आयरिश जेझुइटांचं ‘सेक्रेड स्पेस’ घ्यावं लागेल. ते १९९९ पासून चालू आहे. त्यात ऐकायचं नाही, पडद्यावर वाचत पुढे जायचं. टप्पे सहा: देवाचं सान्निध्य, मोकळेपण, आतल्या अवस्थेची जाणीव, वचन, संवाद, समारोप. पुढचा टप्पा आपण स्वतः उघडायचा असल्यामुळे शांतता किती ते आपल्या हातात राहतं. हा त्याचा मोठा गुण, आणि तोच सापळाही, कारण बोट सवयीने सरकतं आणि सहा टप्पे चार मिनिटांत उरकतात. आवाजाने बांधून ठेवलेलं बरं की आपल्या गतीने गेलेलं, हे स्वभावावर आहे. चुळबुळ्या माणसाने ‘प्रे ॲज यू गो’ घ्यावं. रेकॉर्डिंगचा कंटाळा येणाऱ्याने दुसरं.

आता वापरताना काय बिघडतं ते. नाव ‘चालता-चालता’ असलं तरी पोळ्या लाटताना किंवा विरार लोकलच्या दारात लटकून ऐकण्याला मर्यादा आहे. संगीत पोचतं, पाठही पोचतो, प्रश्न मात्र अंगावरून ओघळून जातो. त्यावर तोडगा असा: सकाळी गाडीत एकदा ऐका, आणि रात्री त्याच सत्राचा दुसरा अर्धा भाग बसून. सकाळी काय अडकलं होतं ते दिवसभरात बऱ्याचदा आपोआप वर आलेलं असतं, त्यामुळे ही जोडी एकदा बसून ऐकण्यापेक्षाही चांगली लागू पडते.

दुसरी चूक जास्त घातक. मुलीचं लग्न, नोकरीची बदली, गावची जमीन, असा काहीतरी प्रश्न मनात असतो आणि त्या दिवशीचा पाठ हे देवाचं उत्तर समजलं जातं. अब्राहामाला ‘आपला देश सोड’ असं सांगितल्याचा पाठ आला की दुबईची ऑफर पक्की! अहो, हे वाचन ठरलेल्या क्रमाने येतं. मिस्सेतली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात, आठवड्यातली दोन वर्षांच्या. त्या दिवशी जगभर तोच पाठ वाचला जातोय, आणि दुबईत राहणाऱ्यानेही तोच ऐकलाय. बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवण्याचाच हा नवा अवतार. पाठ आपल्याशी बोलतो, जरूर बोलतो, पण चिठ्ठी टाकल्यासारखा नाही.

कुठली गोष्ट ऐकून ठरवायची यालाही मर्यादा आहेत. इग्नाशियसचा नियम असा की निवड करायची ती चांगल्या किंवा निदान वाईट नसलेल्या गोष्टींमध्येच. हुंडा घ्यावा की नाही हे प्रार्थनेत विचारायचं नसतं. आणि लग्नासारखी एकदा बांधलेली गाठ पुन्हा निवडीला काढायची नसते.

कोरडे दिवस येतात तेव्हा लोक ॲप बदलतात. आठवडाभर पाठ भुश्शासारखा लागतो, घंटेचा आवाजसुद्धा नको होतो, आणि वाटतं की या पद्धतीत काही राम नाही. याबाबतीत परंपरेतला सल्ला फार नेमका आहे: मन उदास आणि कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उलट नेहमीपेक्षा थोडं जास्त बसायचं. पंचवीस मिनिटांची वेळ असेल तर सत्तावीस. कोरडेपणाची कारणं पुष्कळदा साधी असतात, झोप कमी, भांडण मिटवलेलं नाही, किंवा प्रार्थनेतच आळस केलेला. ती आधी तपासावीत.

दिवसाच्या शेवटच्या परीक्षणाची, म्हणजे ‘एक्झामेन’ची रेकॉर्डिंगंही ॲपमध्ये आहेत, आणि ती रोजच्या सत्रांपेक्षाही उपयोगी ठरू शकतात. मूळ पायऱ्या पाच: मिळालेल्याबद्दल आभार, पाहायला प्रकाश मागणं, दिवसावरून नजर फिरवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा निश्चय. लोक हे अंथरुणात पडून लावतात आणि आभारातच घोरायला लागतात. जेवणानंतर लगेच, खुर्चीत बसून करा.

पण ऐकलेलं लिहून ठेवलं नाही तर वरचं सगळं वाऱ्यावर. ॲप मागत नाही, तरीही वही ठेवा. तासाभराच्या प्रार्थनेनंतर पाव तास मागे वळून पाहायला इग्नाशियसने सांगितलं आहे. आपल्या पंचवीस मिनिटांना तीन-चार पुरतात. तारीख आणि पाठ, अडकलेला शब्द, आणि प्रार्थना संपल्यावर मनात काय उरलं. तिसरी नोंद सर्वात मोलाची, कारण हाक कोणाची याची सगळी ओळख तीवरच उभी आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर इग्नाशियस लोयोलाच्या घरी पडून होता. शूर सरदार होऊन एका थोर स्त्रीची मर्जी जिंकण्याची स्वप्नं तो तासन्‌तास रंगवायचा, आणि मग संतांसारखं जगण्याचीही. रंगवताना दोन्ही गोड. नंतर मात्र पहिल्याने मन रितं आणि नाराज व्हायचं, दुसऱ्याचा आनंद टिकायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला तिथून पुढे सारं शास्त्र निघालं. चांगल्या वाटेवरच्या माणसात चांगली प्रेरणा स्पंजवर पाण्याचा थेंब पडावा तशी येते, वाईट प्रेरणा खडकावर आपटल्यासारखी, असंही त्याने लिहून ठेवलं. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता कर, कोणाला विचारू नकोस’ असं ढकलणारी घाई वहीत दिसली तर तिथे लाल रेघ ओढावी. रविवारी त्या आठवड्याची पाच-सहा पानं वाचा आणि पुन्हा-पुन्हा येणारं काय ते फक्त अधोरेखित करा. एका दिवसाच्या नोंदीला अर्थ लावत बसू नका. सहा आठवडे जाऊ द्या.

आणि इथे ॲप संपतं, एली लागतो. वहीतलं अधोरेखित केलेलं कोणासमोर तरी वाचून दाखवावं लागतं, कारण स्वतःचीच इच्छा देवाच्या आवाजात ऐकू येण्यात आपण सगळे पटाईत. मार्गदर्शक फादर असो, सिस्टर असो, पाळक असो किंवा मंडळीतली एखादी मुरलेली बाई, कसोटी एकच: तो ऐकतो किती आणि सांगतो किती. एलीने शमुवेलाला त्या रात्री निरोप काय असेल ते सांगितलं नाही, फक्त परत निजून हाकेला काय म्हणायचं ते सांगितलं. पहिल्याच भेटीत ‘प्रभू मला तुझ्याबद्दल असं म्हणतोय’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. महिन्यातून एकदा तासभराची भेट रोजच्या साधनेला पुरते. आणखी एक: आवाज खरोखर कानांनी ऐकू येत असतील, ते हुकूम देत असतील, झोप उडाली असेल, तर फादर-पाळकांच्या आधी डॉक्टर. चांगला मार्गदर्शक स्वतःच तिकडे पाठवतो.

सगळं मिळून, रोज अर्धा तास काढू शकणाऱ्या, इंग्रजी ऐकायला न कंटाळणाऱ्या आणि वही ठेवायची तयारी असलेल्या माणसाला ‘प्रे ॲज यू गो’ डोळे मिटून सुचवावं. ज्याला कौल हवाय त्याला अजिबात सुचवू नये. ॲपवरच्या लेंटच्या आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या रिट्रीट (प्रार्थना-शिबिरं) चांगल्या बांधलेल्या आहेत, पण समोर माणूस नसलेली रिट्रीट ही शेवटी सत्रांची मालिकाच. सहा महिने हे जमलं तर खऱ्या रिट्रीटला बसावं. आठ दिवसांच्या मूक रिट्रीटमध्ये साधारणपणे दिवसाला तासाभराच्या चार-पाच प्रार्थना आणि मार्गदर्शकाशी रोज एक भेट असते. घर सोडता येत नसेल तर तीच साधना रोजच्या जगण्यात, दिवसाला दीड तास, अनेक महिने पसरून करायची पद्धतही इग्नाशियसनेच देऊन ठेवली आहे. मुंबईकरांना वांद्र्याला माउंट मेरीजवळ जेझुइटांचं रिट्रीट हाऊस आहे, आणि पुण्यात सुरू झालेली त्यांचीच ‘साधना’ संस्था नंतर लोणावळ्याला गेली. तारखा आधी विचारून घ्या, आणि विचारताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: रिट्रीट प्रवचनांची आहे की एकेकाला वैयक्तिक मार्गदर्शनाची? आणि मार्गदर्शकाशी मराठीत बोलता येईल का?